उभा केलेला लॅपटॉप

सुमनताई लॅपटॉप पुस्तकासारखा उघडून उभा करायच्या. एका बाजूला कीबोर्ड, दुसऱ्या बाजूला पडदा, आणि कलंडू नये म्हणून मागे कागदाचं रीम. घाटंजीच्या बसस्टँडमागच्या त्यांच्या छापखान्यात पहिल्यांदा आलेला माणूस हमखास ओरडायचा, "ताई, तुमचं मशीन पडलं!" ताई चष्म्यावरून त्याच्याकडे बघायच्या. "पडलं नाई भाऊ, उभं केलं हाय. तुमी बसा."

मी तेव्हा बी.ए. करत होते आणि दुपारी त्यांच्याकडे मजकूर टाइप करायला जायचे. ताईंनी उभी हयात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं, जुळवण्यात घालवली होती. म्हाताऱ्या मालकांनी छापखाना सोडला तेव्हा तो ताईंनीच चालवायला घेतला. नेमकी कापसाची पडती वर्षं आली. लग्नं पुढं ढकलली जाऊ लागली आणि चार पानांच्या पत्रिका एका पानावर आल्या. त्यात लोडशेडिंग. मोठा कॉम्प्युटर दिवसभर फडक्याखाली झाकलेला असायचा. म्हणून ताईंनी बॅटरीवर बराच वेळ चालणारा, वहीएवढा लॅपटॉप आणला आणि आमची खरी फजिती सुरू झाली.

पत्रिका मांडायचा प्रोग्राम मोठ्या पडद्यासाठी बनवलेला होता. त्याची खिडकी उघडली की वरचा भाग दिसायचा आणि 'सेव्ह'चं बटण राहायचं खाली, पडद्याच्या बाहेर. खिडकी लहान करायला जावं तर ती हटून बसायची. एकदा ताईंनी अंदाजानं टॅब दाबत दाबत एंटर मारलं. ते बसलं 'कॅन्सल'वर, आणि एका नवरदेवाचे सगळे नातेवाईक मामासकट गायब झाले. ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मामाले हरवलं वं म्या. आता नवरदेवाले मांडवात कोन आनन?" आणि पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला बसल्या.

मग कॉलेजच्या सरांनी मला युक्ती सांगितली. आल्ट धरून स्पेस दाबायचं, मग एम, मग वरचा बाण. खिडकी हळूहळू वर सरकायची आणि खालची बटणं दिसू लागायची. मला फार मोठा तीर मारल्यासारखं वाटलं होतं. पण ताईंचं समाधान होईना, कारण आता वरचा मजकूर पडद्याबाहेर जायचा. "डोकं पाह्यलं तं पाय नाई, पाय पाह्यले तं डोकं नाई," त्या कुरकुरल्या. "अशी नवरी पाह्यते का कोनी?"

शेवटी माझ्याच हातून एकदा कंट्रोल आणि आल्टसोबत आडवा बाण दाबला गेला आणि पडद्यावरचं सगळंच आडवं झालं. मी किंचाळले. ताईंनी मान वाकडी करून पाहिलं, लॅपटॉप उचलला आणि तसाच उभा केला. पडदा आता अरुंद, पण चांगला उंच झाला होता. खिडकी वरपासून खालपर्यंत, बटणासकट त्यात मावली. माउस टेबलावर होताच. "उलटे खिळे वाचता वाचता केस पिकले माहे," ताई म्हणाल्या, "हे तं नुसतं आडवं हाय." त्या दिवसापासून नियमच झाला. गिऱ्हाइकाला अख्खी पत्रिका एका नजरेत दाखवल्याशिवाय छापायची नाही. "खालचं आधी वाचा," त्या प्रत्येकाला बजावायच्या. "भांडनं खालच्या नावांवरूनच होतेत."

आता ताई नाहीत. छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. पण मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या सुमनताई, असं सांगताना माझी मान अजून ताठ होते. त्याचं खरं कारण माझ्याच लग्नाची पत्रिका आहे.

बाबा आधीच गेले होते. ती छापायला द्यायला बाजाराच्या दिवशी काका आणि आई आले. काका टेबलाशी बसले, आई दाराजवळच्या स्टुलावर. आमच्याकडे विधवेचं नाव पत्रिकेच्या तळाशी 'विनीत' म्हणून छापत नसत आणि पत्रिका वाटायलाही ती जात नसे. काका वाईट नव्हते. आमच्या पडत्या काळात तेच उभे राहिले होते. त्यांनी विनीत म्हणून स्वतःचं नाव सांगितलं. माझ्या पत्रिकेत आईचं नाव हवं होतं मला, पण मी नुसती दाराजवळच्या आईकडे पाहत राहिले.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांना विचारलं, "भाऊ, पोरगी वाढवली कोनं?"

"वयनीनं. पन ताई, तुमच्यात चालत असन, आमच्यात नाई छापत."

"आमच्यात तरी आपोआप चाललं का? कोनीतरी पयले छापलंच असन ना!"

ताईंनी विनीतच्या पुढं आईचं नाव टाकलं, त्याखाली काकांचं. पडदा फिरवला, लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि आईच्या मांडीवर उभा धरला. "भाऊ, ठेवाचं का खोडाचं, ते ह्यांना ठरवू द्या. पन आधी अख्खी पाह्यतीन त्या."

आई सावकाश वाचायची. माझं नाव, नवऱ्या मुलाचं नाव, लग्नाचं ठिकाण. मग तिची नजर खाली गेली आणि तिथंच थांबली. श्रीमती शकुंतलाबाई. काका वाट पाहत होते की ती नको म्हणेल. मला त्याचीच भीती होती.

"भाऊजी," आई म्हणाली, "हे असंच राहू द्या."

काकांनी घसा खाकरला. "माह्यं नाव हाय ना पन?"

"हाय ना. खालचं वाचा म्हनून तं सांगून राह्यली कवाची," ताई म्हणाल्या. लॅपटॉप टेबलावर ठेवून त्यांनी आईला खुर्चीवर बसवलं, माउस तिच्या हातात दिला आणि खालचं 'सेव्ह'चं बटण दाखवलं. आईनं ते दाबलं. नको इतक्या जोरात दाबलं.

पत्रिका छापून आल्या तेव्हा काकांनी वाटण्यासाठी पिशवी उचलली. आईनं त्यातला एक गठ्ठा काढून घेतला. सुमनताईंनी छापखान्याला कुलूप घातलं आणि तिच्यासोबत निघाल्या. मीही मागून गेले. पहिल्याच घरी दार उघडणाऱ्या मावशी आईकडे पाहून गोंधळल्या आणि तिच्या मागं काका दिसतात का ते शोधू लागल्या. सुमनताई शेजारी उभ्या होत्या. आईनंच पत्रिका पुढं केली.

"माह्या पोरीचं लगन हाय," ती म्हणाली. "मी सांगाले आली."