दारावरची आडवी रेघ

शिवडीच्या ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मला पहिली नोकरी लागली, तिथे माझा मामा मिस्त्री होता. नोकरी त्याच्याच शब्दावर लागली. त्याआधी करी रोडच्या त्याच्या खोलीत राहून मी पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून आलेल्या मला मामाने खिडकीजवळचा कोपरा दिला, मामीने पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. मी अभ्यासाला बसलो की मामा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचा. यातलं काही मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना लाज वाटते.

कंपनीतल्या पिकअप गाड्या बहुतेक जुन्या विकत घेतलेल्या. एकाच मॉडेलला दोन तऱ्हेचे गिअरबॉक्स यायचे आणि गाडीकडे बघून काही कळायचं नाही. गिअरच्या दांड्यावरच्या गोळ्यावर नकाशा असतो, पण तो गोळा ड्रायव्हरने कधीच हौसेने बदललेला असायचा. खरा फरक गाडीच्या पोटाखाली. एका बॉक्सचं झाकण वरच्या अंगाला, दुसऱ्याचं बाजूला. एकाचा माल, म्हणजे सुटे भाग, दुसऱ्याला बसत नाहीत.

मामा गाडीखालच्या खड्ड्यात, पिटमध्ये उतरायचा, रॉकेलच्या फडक्याने चिखल आणि ग्रीस पुसायचा, हात फिरवायचा. मग वर येऊन ड्रायव्हरच्या दारावर खडूने एक रेघ ओढायचा. झाकण वर असेल तर उभी, बाजूला असेल तर आडवी. ड्रायव्हर चेष्टा करायचे, "मामा, आज गाडीला गंध कुठलं? शंकराचं की विठ्ठलाचं?"

"तुझ्या कपाळाक दोन्ही लावतंय, थांब मेल्या," मामा म्हणायचा.

ती रेघ बघून ऑफिसात फॉर्म भरणं हे माझं काम. फॉर्म इंग्रजीत होता. त्यात एक रकाना होता, तपासणी कोणी केली याचा, आणि त्यात नेहमी मामाचं नाव असायचं. फॉर्मप्रमाणे माल यायचा. तोवर गाडी धंद्यावर असायची. बॉक्स उतरवायचा तो माल हातात आल्यावरच.

पुढे कंपनीने कॉम्प्युटरवर यादी आणली. चासी नंबर टाकला की गाडीला कुठला गिअरबॉक्स आहे ते समोर यायचं. मला त्या यादीचा फार अभिमान वाटायचा, जणू ती मीच केली होती. मामाला दाखवली तेव्हा तो लांबूनच बघून म्हणाला, "कागद काय म्हणता ता सोड. गाडी काय म्हणता ता बघ. खाली ये एकदा माझ्याबरोबर."

मी गेलो नाही. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता.

एका सकाळी एका पिकअपच्या दारावर आडवी रेघ होती. यादीत मात्र वरच्या झाकणाचा बॉक्स. मी मामाला हाक मारायला हवी होती. तो वीस पावलांवर होता. पण मला वाटलं, मामाचं वय झालं, चुकला असेल. मनात तर असंही आलं, की त्याची चूक मी गुपचूप सुधारतो आहे, म्हणजे उपकारच करतो आहे. मी फॉर्मवर वरचं झाकण लिहिलं आणि तपासणीच्या रकान्यात मामाचं नाव टाकलं. दुपारी ड्रायव्हरने गाडी धुतली. रेघ गेली.

माल आला, पाकिटं फोडली, बॉक्स खाली उतरवला. झाकण बाजूला होतं. आधीच्या मालकाने कधीतरी बॉक्स बदलला असणार. यादीला ते कुठून कळणार? फोडलेली पाकिटं दुकानदार परत घेत नव्हता आणि गाडी आठवडाभर उघड्या पोटाने पिटवर उभी राहिली. मॅनेजर फॉर्म घेऊन सगळ्यांसमोर आला. म्हणाला, "मिस्त्री, हे तुमचं नाव. वरचं झाकण सांगितलंत तुम्ही."

"नाय साहेब. मी आडवी ओढलेली."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मामानेही बघितलं, अगदी निर्धास्त. साक्षीदार घरचा होता.

मी म्हणालो, "मामा, उभी होती."

मामाने आपल्या बोटांकडे बघितलं. मग मॅनेजरला म्हणाला, "मग उभीच असेल साहेब. तो शिकलेला आहे. बघितल्याशिवाय लिहायचा नाय."

तपासणी त्याच्याकडून काढून घेतली. त्याला टायर बदलायला लावलं. दोन महिन्यांनी तो आपणच घरी बसला. मी मात्र टिकलो. पुढे मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोचलो.

नोकरी गेली एवढंच असतं तर मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. पण मामाने माझा शब्द खरा धरला. हाताला बाजूचं झाकण लागलं आणि खडूने उभी रेघ ओढली, म्हणजे आपल्या डोक्यातच काहीतरी बिघडलं, असं त्याने ठरवून टाकलं. तो कुलूप लावून जिन्यावरून परत यायचा, ओढून बघायचा. गॅस बंद केला का, हे मामीला पुन्हा पुन्हा विचारायचा. चाळीतल्या कोणी गाडीचा आवाज ऐकायला बोलावलं तर म्हणायचा, "माका नको विचारू, माझा काय खरा नाय." मामी त्याला परळला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मामा म्हणाला, "त्यांका काय कळता!"

गेल्या गणपतीत मी त्याच्याकडे गेलो, ते सांगायचंच असं ठरवून. आरती झाली होती, बाकीची माणसं गॅलरीत होती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "मामा, ती रेघ आडवीच होती. मी यादी बघून बदललं. सगळ्यांसमोर खोटं बोललो मी."

त्याने माझ्याकडे बघितलं. चेहरा जरा उजळला, पण मला वाटलं होतं त्या कारणाने नाही.

"मामीन सांगितल्यान तुका असा बोलाक?" तो म्हणाला.

"नाही मामा. खरंच."

"राहू दे झिला. माझ्या समाधानासाठी कशाक स्वतःक खोटो पाडतंस?" आणि त्याने आत हाक मारली, "अगो ऐकलंस? भाचो बघ माझो. अजून जाण आसा त्याका."

मामी मोदकांचं ताट घेऊन आली. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. दोघंही माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली.