शेंगेतली मागची जागा

माझ्या आत्याने सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, आणि त्यातली बहुतेक वर्षं तिने शेजारच्या सीटवर काढली. तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच असायचा. स्टिअरिंग दुसऱ्याचं, जबाबदारी हिची. या नोकरीने तिचा उजवा पाय कायमचा नादावला. बसमध्ये, लिफ्टमध्ये, कुठेही काही हललं की तो आपोआप खाली दाबला जायचा. टीव्हीवर गाड्यांची शर्यत बघताना तिने एकदा आमचं स्टूल लाथेने उलटं केलं होतं, वर चहाचे कप असताना.

शिकवायची गाडी पांढरी, सरळमार्गी, कुठेही न खटकणारी. आत्याचा जीव मात्र भलत्याच गाड्यांवर. पाण्यातही चालणाऱ्या एका मोटारीबद्दल ती म्हणायची, ही रस्त्यावर होडीसारखी चालते आणि पाण्यात मोटारीसारखी, सुख कुठेच नाही, पण मालक तिला रोज पुसतो की नाही बघ. पंखासारखी वर उघडणारी दारं तिला मनापासून पटायची. ठेंगण्या छताखाली गाडी लावली तर मालकाला मांजरासारखं खिडकीतून बाहेर यावं लागतं, हे तिच्या लेखी त्या गाडीचं वैगुण्य नव्हतं, छताचं होतं. पुढून आणि मागून सारखीच दिसणारी एक गाडी होती. तिच्याबद्दल आत्याचं एकच म्हणणं: चोर गोंधळेल.

मी इंजिनिअर होऊन गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात लागले, तेव्हा तिने माझं नावच बिजागरी ठेवलं. आमच्या मीटिंगा कशा चालतात ते ती खोदून खोदून विचारायची. मी सांगायचे की एखादी वेगळी कल्पना निघाली की खर्चवाले एक कोपरा कापतात, सुरक्षावाले दुसरा, आणि शेवटी जे उरतं ते मागच्या वर्षीसारखंच असतं. हे ऐकून ती हळहळायची. तिच्या मते प्रत्येक विचित्र गाडीमागे एक हट्टी माणूस असतो, आणि त्या दिवशी त्याला अडवणारा नेमका रजेवर असतो.

तिची स्वतःची गाडी होती शेंग. पुढे दोन चाकं, मागे एक. आत दोन जागा, एकामागे एक, शेंगेतल्या दाण्यांसारख्या. दार नाही, वरचं झाकण डब्यासारखं बाजूला उघडायचं. रिव्हर्स गिअर नाही, त्यामुळे भिंतीला नाक लागलं की खाली उतरून शेपटी उचलायची आणि गाडी फिरवायची. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या भावाने, ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते एवढंच म्हणाले की हिला गाडी नको होती, हट्ट हवा होता, आणि तो तीन चाकांवर मिळाला. पण शेपटी उचलायला हाक मारली की तेच आधी यायचे.

मागच्या वर्षी आत्याला काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, कडेचं गेलं होतं. डॉक्टरांनी ठिपक्यांची तपासणी केली. डाव्या बाजूचे ठिपके तिला दिसलेच नाहीत. गाडी बंद करा असं सांगायला डॉक्टर शब्द शोधत होते. हिनेच त्यांना सोडवलं, म्हणाली, अशा डोळ्यांच्या माणसाला मी पास केलं नसतं. घरी येऊन तिने किल्ली खुंटीला लावली. त्यानंतर चार महिने ती रोज शेंग पुसायची आणि आत बसायची नाही.

जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ कित्येक वर्षं शेंग मागत होते. काचेच्या दालनात ठेवतो म्हणायचे. आत्याने त्यांना रविवारी दुपारी बोलावलं. मी चालवेन, तू मागे बस, असं मी म्हणाले तेव्हा ती हसली. मागच्या जागेवरून चालवणाऱ्याच्या मानेशिवाय काही दिसत नाही, आणि पायाखाली ब्रेक नाही, नुसता पत्रा. अशा जागी तिच्याच्याने बसवणार नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी तिच्याकडेच शिकले होते आणि तिसऱ्या खेपेला पास झाले होते.

शेवटी तिनेच अट घातली. रविवारी सकाळी एक फेरी. माझ्या मागे स्वस्थ बसवलं तर शेंग घरी राहील. पाय आपटत राहिला तर दुपारी गाडी द्यायची, कारण रोज जीव मुठीत धरून बसण्यापेक्षा काच बरी.

फाटकातून निघतानाच पहिला आवाज आला. धप्. शेंगेचा पत्रा डब्याच्या झाकणाइतका पातळ, आत्याची चप्पल जाड टाचेची. चौकात धप्, सायकलवाला आडवा आला तेव्हा धप् धप्. शाळेपर्यंत मी नऊ मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं. मागे वळून बघायची सोय नव्हती. नजर रस्त्यावर, हा तिचाच पहिला धडा.

शाळेशी लाल दिव्याला थांबलो. मागे थोडी खुडबुड झाली. मग दिवा हिरवा झाला आणि आवाज थांबले.

पाण्याच्या टाकीचा उतार मोठा आहे, तळाशी वळण. तिथेही काही नाही. म्हटलं, हिला चक्कर तर नाही आली?

"आत्या, आहेस ना गं?"

"आहे. गिअर उतरव, बिजागरी. तोंडाने गाडी थांबत नाही."

घरापर्यंत पत्रा वाजला नाही. मी झाकण उघडलं, हात द्यायला वळले, आणि बघते तर दोन्ही चपला तिच्या मांडीवर, पर्स धरावी तशा धरलेल्या. अनवाणी उजव्या पायाची बोटं पत्र्यावर अजून दाबलेली होती. अंगठा पांढरा पडला होता.

शिकाऊंच्या लेखी परीक्षेत कॉपी करणाऱ्यांना वर्गाबाहेर काढणारी बाई ही.

"सगळ्या वाटेने दाबत होतीस?"

"उतारावर दोन्ही पायांनी," ती म्हणाली. "पण तुला ऐकू आलं का?"

"नाही."

"मग झालं तर."

बाबा फाटकाशी उभे होते. काय ठरलं म्हणून त्यांनी विचारलं. आत्याने चपला खाली टाकल्या, त्यात पाय सरकवले, आणि त्यांना त्या गृहस्थांना फोन लावायला सांगितलं. म्हणाली, कळव की पोरगी अजून कच्ची आहे, गाडी सरावाला लागणार. मग मला म्हणाली, आधी शेपटी उचल, नाक भिंतीला लागलंय.