वरण खारट झालं म्हणून वाचलेला मासा

चहा घ्या, सांगते. मी नाही सांगितलं तर माझी जाऊ संगीता सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. मीठ तर या गोष्टीत आधीच भरपूर झालंय.

आता काय सांगू, भंडाऱ्यात माझी खानावळ. जन्म गेला लोकांना जेवू घालण्यात. मासा म्हटला की आम्हाला ठाऊक तलावातला, नाहीतर वैनगंगेतला, तोही रश्श्यात. माझ्या प्रज्वलने मात्र पहिल्या पगारातून काचेच्या टाकीत समुद्र आणून ठेवला! खारं पाणी, दगड, आणि त्या दगडांत बोटाएवढा मासा. पुढून जांभळा, मागून हळदीसारखा पिवळा. नाव म्हणे रॉयल ग्रामा. टाकी जेवायच्या खोलीतच होती, त्यामुळे गिऱ्हाईकं विचारायची, "काकू, हा कधी शिजणार?"

मग पोराची बदली झाली हैदराबादला. जाताना म्हणाला, "आई, बुद्धपौर्णिमेले येतो. याले जपजो. पाणी कमी झालं का साधं फिल्टरचं टाकजो."

"अरे, तुह्या बापाले इतकी वर्सं जपलं, मासा कोणती मोठी गोष्ट हाय?"

पण मनात म्हटलं, समुद्राच्या माशाला साधं पाणी? घाईत चुकून बोलला असेल पोरगा.

आला आपला उन्हाळा. खोलीत कूलर, टाकीवर पंखा, पाणी रोज बोटभर आटायचं. प्रज्वल टाकीसाठीचं खास मीठ ठेवून गेला होता. मी ते पाण्यात विरघळवून रोज टाकी खुणेपर्यंत भरायची. केवढी काळजी बघा माझी!

थोड्याच दिवसांत मासा दगडाखालून बाहेर येईना. कल्ले भराभर हलायचे, खाणं तसंच पडून. मी म्हटलं, समुद्राची सवय याला, मीठच कमी पडत असणार. घातलं अजून मूठभर. तो आणखी मलूल झाला. मी आणखी मूठभर घातलं. संगीताने तर मोबाइलवर लाटांचा आवाज लावून टाकीला धरला.

प्रज्वलचा फोन आला की मी टाकीकडे पाठ करून बोलायची.

"आई, व्हिडिओवर दाखव ना त्याले."

"झोपला हाय थो."

"भर दुपारी?"

"उन्हाळा हाय, बाबू."

पौर्णिमा तोंडावर आली. पोराला काय दाखवू, या विचाराने मला घास गोड लागेना. अशातच एका दुपारी पंगत भरलेली असताना एकाने वरणभाताचा घास घेतला आणि तांब्याभर पाणी प्यायला. मी वरण चाखलं. नुसतं खारट.

"संगीता, काय केलं व हे?"

"वरण आटलं होतं, ताई. म्हणून पाणी टाकलं. अन् पाणी वाढवलं तं मीठबी टाकलं."

"अवं, पाणी आटलं, मीठ कुठी गेलं? थे तं गंजातल्या वरणातच हाय ना! आटलं का साधं पाणी टाकतेत. इतकं साधं तुले..."

वाक्य तिथेच राहिलं. हातातली पळीही तिथेच राहिली. मी टाकीकडे बघितलं. संगीतानेही बघितलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "टाकीतबी तं तुमी मीठच टाकून राहिल्या ना?"

पंगत तशीच सोडून मी प्रज्वलला फोन लावला आणि रडतरडत सगळं कबूल केलं. लेकरू एका शब्दाने रागावलं नाही. "आई, घाबरू नको. थोडं खारं पाणी काढ, तेवढंच साधं टाक. रोज थोडं थोडं, एकदम नको." संगीता मगाने काढायची, मी घालायची. आणि एका सकाळी तो जांभळा-पिवळा राजा आपणहून बाहेर आला आणि त्याने खाणं टिपलं. मी संगीताचे दोन्ही हात धरले. त्या दिवशी तिचं वरण नीट झालं असतं, तर मासा गेलाच होता. उपकार त्या पंगतीचेही, बिचारी ताक ओतून जेवली.

पौर्णिमेला प्रज्वल खिरीची वाटी घेऊन टाकीसमोरच बसला. मी भरून पावले.

पण स्वयंपाकघरातला माझा दरारा संपला तो संपलाच. परवा पुन्हा वरण खारट. मी तोंड उघडणार, तोच संगीता म्हणते, "चिल्लावू नका, ताई. आधी पाहून घ्या, घरात कोणाचा जीव वाचला थे."

चहाही तिनेच केलाय. कसाही झाला असेल तरी गुपचूप प्या, मला बोलायची सोय राहिलेली नाही.