रविवारच्या रात्रीचं ताट

रविवारी संध्याकाळी भूक लागली की ती तक्रार मला आजही आठवते. मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. क्रांती चौकामागं विद्यार्थ्यांची खानावळ चालवणाऱ्या काकू अर्ज घेऊन आल्या. फेसबुकवर 'जागरूक विद्यार्थी' या नावानं कुणीतरी लिहिलं होतं, 'रविवारी रात्री इथं आंबलेला भात वाढला. आम्ही आजारी पडलो.' निम्मी पोरं खानावळ सोडून गेली होती.

"साहेब, तोंड दिसलं असतं तर उत्तर दिलं असतं," काकू म्हणाल्या. "भुताशी कसं भांडू?"

बदनामी हा अदखलपात्र गुन्हा. नोंद करून कोर्टाचा रस्ता दाखवणं नियमात बसत होतं, पण तोवर चूल विझली असती. मी अर्ज चौकशीला घेतला. खातं कुणाचं, याचं सायबर शाखेकडून उत्तर यायला वेळ लागणार होता, म्हणून मजकूर पुन्हा वाचला आणि थबकलो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. गावाहून येऊन खानावळीत जेवून शिकलो. रविवारी दुपारी गोडधोड, रात्री चूल बंद, हे खानावळीत जेवलेल्या प्रत्येकाच्या पोटाला ठाऊक असतं. लिहिणारा काकूंकडं कधी जेवलाच नव्हता.

शेजारच्या पानटपरीवाल्यानं, नाव न सांगण्याच्या अटीवर, खबर दिली की खानावळीच्या जागामालकाचा पुतण्या दुकानासाठी ती जागा मोजून गेला होता. मी पुतण्याला बोलावलं, चहा दिला.

"काकूंकडं जेवलात कधी?"

"व्हय साहेब. लई बेकार. रविवारी रात्री तर भात आंबलेला!"

आमचे हवालदार हसले. "साहेब, हे काकूंचे जावई दिसतात. रविवारी रात्री ह्यांच्यासाठी खास चूल पेटली!"

पुतण्यानं कप खाली ठेवला. "नाव दिसत नाय म्हणून लिव्हलं, साहेब."

काकूंना कोर्ट नको होतं. त्यांनी एवढंच मागितलं की त्यानं खरं काय ते स्वतःच्या नावानं लिहावं. त्यानं लिहिलं. खाली काकूंचं उत्तर आलं, 'आता दिसलास. ये जेवायला. दुपारी ये, रात्री बंद असतं.' हळूहळू पोरं परतली.

निनावी माणूस वाईट, असं मी म्हणणार नाही. टपरीवाल्याचं नाव मी आजही सांगणार नाही. पण त्याची खबर पडताळून तिच्याखाली मी सही केली होती. त्या पोस्टखाली जबाबदार कुणीच नव्हतं.

आणि खरा तपास माझ्या शिकतानाच्या खानावळीतल्या मावशींनीच केला. दर रविवारी दुपारच्या दोन पोळ्या त्या माझ्यासाठी कागदात बांधून ठेवत आणि म्हणत, "रात्री काय खाशील, बाबा?"