चिंचवडच्या हवेचे राखणदार

चिंचवडच्या अख्ख्या हवेची राखण देवानं एकाच माणसाकडे सोपवली होती, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. निदान मामांचा स्वतःचा तसा पक्का समज होता. राखणदार पाखरांवर डोळा ठेवतो तसे ते वाऱ्यावर नाक ठेवून असत. सकाळी तोंड धुण्याआधी अंगणात यायचं, चहूबाजूंना हुंगायचं आणि निकाल द्यायचा, "आज वीटभट्टी पेटलीय, खिडक्या लावा," किंवा "नुसतं नदीचं धुकं हाय, उघडा बिनघोर." त्यांची जमीन नव्या कारखान्यांत गेली, खळंही गेलं, पण उभं राहून धान्य उपणायची उंच वावडी तेवढी त्यांनी घरी आणून ठेवली होती. शंका आली की मामा वावडीवर चढून सुपातलं भूस हळूहळू सोडत. ते उडून ज्याच्या दारात पडेल त्याला हाक जाई, "तुमच्या बाजूला धूर येतोय, वाळवण काढा!" शेजारीण म्हणे, "धुराचं राहू द्या हो मामा, आधी हे भूस कोण झाडणार?"

दिवाळी सरली की त्यांचा खरा हंगाम. थंडीत धूर वर चढायला तयार नसतो. भट्ट्यांचा, चुलींचा, आमच्या कंपनीच्या धुराड्याचा, असा सगळा धूर संध्याकाळी गावावर ओल्या गोधडीसारखा पडून राही. त्या दिवसांत पुतणीला स्थळ आलं, तर मामांनी हुंडा-मानपान काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की घर भट्टीच्या वाऱ्यावर आहे की वाऱ्याआड? मग मान हलवून म्हणाले, "पोरगा झ्याक हाय, पर भट्टीच्या वाऱ्यावर हाय." लग्न झालंच. वरातीत मामा नाकाला उपरणं लावून चालले.

आम्ही त्यांच्याच घरात दोन खोल्यांत राहत होतो. त्या हिवाळ्यात माझी दोन वर्षांची शकू खोकू लागली. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येई, आणि पुढचा श्वास येईपर्यंत आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. मी कंपनीच्या बॉयलरवर मुकादम. माझ्याच हुकमानं कोळसा पडायचा, धूर निघायचा. माझ्या मनानं घेतलं की माझी भाकरीच माझ्या पोरीचा गळा आवळतेय. हे मी कुणाला बोललो नाही. बोलायचा माझा स्वभावच नाही. बायको विचारी, "जेवत का नाही?" मी म्हणे, "भूक नाही."

मामांनी मात्र कंबर कसली. दिवेलागणीला येऊन ते आमच्या खिडक्या लावत, फटींत चिंध्या कोंबत, आणि घमेल्यात निखारे घेऊन त्यावर ओवा, कडुनिंबाचा पाला, गोवरीचा तुकडा टाकून शकूला दणदणीत धुरी देत. "वाईट हवा पळती यानं," म्हणत. खोलीत मला माझे हात दिसत नसत. पण गावातली सगळी पोरं धुरीवरच वाढलेली. कोण काय बोलणार?

माघात मामा लेकीच्या बाळंतपणासाठी चाकणला गेले. बायकोला धुरीला सवड झाली नाही, चिंध्याही कुणी कोंबल्या नाहीत. चार दिवसांत शकू रात्रभर शांत झोपू लागली. मी अंगणात येऊन पाहिलं, तर धुराडं नेहमीसारखंच ओकत होतं. मी एकटाच हसलो. त्या हिवाळ्यातला पहिला पुरता श्वास मी त्या वेळी घेतला. आणि मग ध्यानात आलं, आता हे मामांना सांगायचं कुणी?

ते परतले. नातवाचे पेढे हातावर ठेवले आणि दिवेलागणीला घमेलं घेऊन हजर. मी हात धरला. "मामा, नको." मग सगळंच सांगितलं. माझी भीती, तिची झोप, धुरी. एवढं सलग मी जन्मात बोललो नव्हतो. माझ्या छातीवरचा धोंडा मी त्या म्हाताऱ्याच्या छातीवर ठेवत होतो हेही कळत होतं, तरी बोललो.

मामांनी घमेलं उंबऱ्याबाहेर ठेवलं. "म्हंजी कंपनीचा धूर मी दारात अडवला, आन् माझा सोताचा आत आणून सोडला."

"तुम्ही मायेनं केलंत, मामा."

"मायेचाबी धूरच की वो." मग एकदम माझ्यावर उखडले. "आन् तुमी, जावईबापू! अख्ख्या कंपनीचा धूर एकट्याच्या डोक्यावर घिऊन बसला व्हता व्हय? मालक त्याचा येगळा पगार देतो का?"

मी हसलो, आणि डोळ्यांना पाणी आलं. या खेपेला धुराचं निमित्तही नव्हतं. मामांनी निखारे अंगणात ओतले, फटींतल्या चिंध्या एकेक करून उपसल्या.

धुरी सुटली ती सुटलीच. पण दिवेलागण झाली की मामा सवयीनं आमच्या उंबऱ्याशी येत आणि नुसतेच उभे राहत. "काय मामा?" म्हटलं की म्हणत, "काय न्हाई. ह्या येळंला हातात कायतरी असायचं." बायको मग शकूला त्यांच्याकडे देई. ते तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकत बसत, आणि स्वयंपाक होऊन ताटं वाढली तरी तिला परत देत नसत.