सांगावा पोहोचला

संगमेश मोबाईलची ॲप तयार करतो हे औसा रोडच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण म्हणजे नेमकं काय करतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे लोक त्याच्याकडे बिघडलेले चार्जर घेऊन यायचे, आणि तो बिचारा दुरुस्त करूनही द्यायचा. पुण्यात चार वर्षं नोकरी केली, वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून लातूरला परत आला. आल्यावर पोटापाण्यासाठी दुकानदारांची ॲप केली, ती कुणाच्या लक्षातही नाहीत. स्वतःच्या डोक्याने केलेलं एकच ॲप गाजलं. त्याचं नाव 'सांगावा'.

त्यांची भावकी लातूर, उदगीर, मुखेड अशी पसरलेली. कुणी गेलं की माती किती वाजता, कुठल्या शेतात, हे सगळ्यांना कळवायचं मोठं काम. पूर्वी सांगावा घेऊन माणूस धाडायचे. तो माणूस ज्याच्यासाठी निरोप असेल त्याच्या तोंडावर बोलल्याशिवाय परत फिरत नसे. ओट्यावर कुणाजवळ तरी निरोप टाकून येणं म्हणजे सांगावा नव्हे. आता ते काम संगमेशचं ॲप करायचं. निरोप ज्याच्या फोनवर उतरला त्याच्या नावापुढे आपोआप 'पोहोचला' असं हिरव्या अक्षरात यायचं. ते हिरवं अक्षर लोकांना फार आवडलं. लग्नकार्यात म्हातारी माणसं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "लई पुण्याचं काम केलास बाबा."

ॲपच्या पोटात काय चालतं ते संगमेश आपल्या आईला, बसम्माला, पंगतीच्या भाषेत सांगायचा. आत चुलीवर आचारी असतो, बाहेर वाढपी. आचाऱ्याने गुपचूप मागे काम करायचं, नवी बातमी आणायची, जपून ठेवायची. पण ती पडद्यावर, म्हणजे पानात, वाढायची ती फक्त वाढप्याने. आचारीच पळी घेऊन पंगतीत आला की ॲप धाडकन बंद पडतं. बसम्मा म्हणायची, "आन् वाढप्याला कुणी सांगितलंच न्हाई तर?" संगमेश हसायचा.

सुरुवातीला ॲप असंच बंद पडायचं. चूक कुठे होते ते त्याला कळलं होतं, पण नीट दुरुस्तीला दोन दिवस लागले असते. त्याने दहा मिनिटांत एक उपाय केला: आचारी बाहेर यायला निघाला की त्याला मुकाट्याने आतच थांबवायचं, आरडाओरडा करायचा नाही. ॲप बंद पडायचं थांबलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. नीट दुरुस्ती नंतर करू म्हणाला आणि राहून गेली. ॲप नव्याने उघडलं की ताजी बातमी दिसायची, म्हणून कुणाची तक्रारही आली नाही. उघडंच ठेवलं तर मात्र पडद्यावर जुनीच बातमी राहायची, पण इतका वेळ ॲप उघडं ठेवून बघत बसणारं कोण असणार?

गुरम्मा ही बसम्माची थोरली बहीण, मुखेडची. आई लवकर गेली, तेव्हा बसम्माला काखेत घेऊन वाढवलं ते या अक्कानेच. फेब्रुवारीत एका सकाळी ती गेली. गुरम्माच्या मुलाने, मन्मथने, आठ वाजता सांगावा टाकला: माती सायंकाळी पाच वाजता. बसम्मा आधी मोठ्याने रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "चल. मला अक्काचं तोंड बघायचंय."

त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवतात. भस्म लावतात, हार घालतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात, आणि बसलेल्या अवस्थेतच मातीत उतरवतात. तोवर सगळे येऊन समोर बसतात, बोलतात, रडतात. तोंड बघायचं म्हणजे एवढं सगळं.

अहमदपूरला उतरले तेव्हा पावणेबारा झाले होते. मुखेडला जाणारी जीप भरत आली होती, दोन जागा उरल्या होत्या. पण बसम्माला बहिणीसाठी माहेरची साडी घ्यायची होती. माहेरात आता तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं, तेव्हा शेवटची साडी तिनेच नेसवायची. ती घाबरून म्हणाली, "उशीर व्हईल का रे?"

संगमेशने फोन काढला. सकाळपासून ॲप उघडंच ठेवलं होतं, पुन्हा पुन्हा बघता यावं म्हणून. पडद्यावर पाच वाजता असंच होतं. "लई टाईम हाय अव्वा," तो म्हणाला. "निवांत घे."

तिने निवांत घेतली. दुकानदाराने पंधरा इरकली साड्या पसरल्या. ती प्रत्येकीचा काठ बोटांनी चाचपून बघायची आणि म्हणायची, अक्काला रुंद काठ लागतो. संगमेशने मध्ये तीनदा फोन बघितला. पाचच. जीप केव्हाच निघून गेली होती. दीडच्या बसने दोघं निघाले, आणि तिने ती साडी पिशवीतून काढून मांडीवर घेतली होती.

सव्वातीनला मुखेडला पोहोचले तर घरासमोर बायका अंगण धूत होत्या. बसम्माला आधी कळेना. मग ती तशीच शेताकडे धावली, पासष्टीच्या गुडघ्यांनी, आणि बांधावर पोहोचली तेव्हा माती सारखी करून झाली होती.

ती खाली बसली नाही. उभ्या उभ्याच मन्मथला म्हणाली, "पाच म्हून सांगितलास आन् दोन तास थांबला न्हाईस रे. तिची एकच भन मी. दोन तास?"

मन्मथचे डोळे सुजले होते. विधी करणाऱ्या स्वामींना अंधार पडायच्या आत दुसऱ्या गावची माती गाठायची होती, म्हणून वेळ दोनवर आणली होती. "मावशी, बाराला सांगावा टाकला की. पोहोचला म्हून आलं तुमचं. हे बघा." त्याने फोन पुढे केला. संगमेशच्या नावापुढे हिरवं अक्षर होतं. "मला वाटलं कळलंय तुमाला, येताच व्हाल. दोनला फोनबी लावला, लागला न्हाई. शेवटी वाटलं, यायचंच नसंल."

"यायचंच नसंल?" बसम्मा म्हणाली.

संगमेशने आपलं ॲप बंद केलं आणि पुन्हा उघडलं. माती दुपारी दोन वाजता. बातमी तर साडीच्या दुकानातच त्याच्या खिशात येऊन पडली होती. आचाऱ्याने ती आणली, जपून ठेवली, आणली म्हणून मुखेडला कळवलंसुद्धा. फक्त पानात वाढली नव्हती. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. भेकड होता असं म्हणा, मी काही त्याची बाजू घेणार नाही.

बसम्माने त्या घरचं पाणी घेतलं नाही. परत येताना म्हणाली की हे घर मला आजपासून मेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संगमेशने दुरुस्ती केली. दोन दिवस लागतील म्हणून टाळलेलं काम एका ओळीत झालं. बातमी आली की वाढप्याला सांग, एवढीच ती ओळ. सगळ्यांच्या फोनवर नवं ॲप गेलं. कुणाला फरकही कळला नाही.

आठव्या दिवशी मन्मथ स्वतः लातूरला आला, दिवसकार्याला मावशीला न्यायला. बसम्मा आतून बाहेर आलीच नाही. दाराशी उभं राहून मन्मथ लहान पोरासारखा रडला, म्हणाला आई गेली, आता तुमीबी तोडताव का. तो तसाच परत गेला तेव्हा संगमेशला राहवलं नाही.

बसम्मा स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तो समोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. मन्मथची चूक नाही, माझी आहे. बातमी आली होती, मीच ती अडवून ठेवली होती, दोन वर्षांपूर्वी, आळसाने. जीप समोर उभी होती तेव्हा मीच म्हणालो निवांत घे. तो हुंदके देत बोलत होता आणि शेवटी, काहीतरी भरून देता येईल अशा आशेने, म्हणाला, "सापडली अव्वा चूक. दुरुस्त केलो. आता नवी बातमी लगेच दिसती."

बसम्माचे हात ताटात थांबले. ती रागावली नाही. मन्मथला फोन लाव म्हणाली, उद्या येते म्हणून सांग. मग अगदी खरंच विचारावं तसं तिने विचारलं, "दुरुस्त झालं म्हणतोस. मंग आता गेलो तर दिसंल का रे अक्का?"