सूर्य चहाला उठला तेव्हा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी पेडण्याला म्हापशाच्या बसची वाट बघत उभा होतो. "मामा, आई गेली," तो म्हणाला. मला काही उमजेना. आणि काही उमजले नाही की शालनताईला विचारायचे, ही माझी लहानपणापासूनची खोड. त्यामुळे मी अगदी शांतपणे म्हणालो, "थांब, आधी ताईला फोन दे." म्हापशाची बस आली आणि निघून गेली, तेव्हा कुठे मला उमजले की त्याची आई म्हणजेच ताई.

शालनताई माझी थोरली बहीण. कारापूरला दिलेली. डिचोली तालुक्यातल्या एका चिमुकल्या मराठी शाळेत तिने शिकवले, आणि निवृत्तीनंतरही चवथीची सुटी संपली की ती एक दिवस तिथे जाऊन ग्रह दाखवायची. मी कचेरीत आयुष्यभर कागदांवर शिक्के मारले, त्यातले काही उलटे. घराण्यात मिरवण्यासारखे एकच माणूस निघाले, ते म्हणजे ही.

चवथीला आम्ही गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतो. लाकडी चौकटीला रानातली, परसातली फळे टांगायची, आणि विसर्जनानंतर ती वाटून टाकायची. ताई आपली फळे आणि शेजाऱ्यांकडून मागितलेली पिशवीत भरून शाळेत नेई. बुधाला सुपारी, पृथ्वीला आंबाडा, गुरूला भलाथोरला चिबूड. शनीला तोरिंजन, म्हणजे ते पपनसाच्या जातीचे जाड सालीचे पिवळे फळ. त्याला ती माडाच्या हिराची, झाडूतल्या त्या काडीची, कडी घाली. सूर्याएवढे फळ कुठल्याच माटोळीत मिळेना. मग एके वर्षी तिची नजर माझ्या टकलावर गेली. "तू बस मधोमध. तुला जमेल. सूर्याला काही करायचं नसतं." माझी इतकी अचूक पारख आमच्या साहेबांनाही कधी जमली नव्हती.

त्या वर्षी दीक्षा नावाची एक मुलगी होती. तिचे लोक सिंधुदुर्गातले, बाप खाणीवर ट्रक चालवणारा. तिचा जन्म झाला आणि पुढे खाण बंद पडली. ट्रक दारात उभा तो उभाच. कोणीतरी पत्रिका पाहून पोरीचा शनी सांगितला, आणि तिच्या आजीने तो मनावर घेतला. घरात दूध नासले तरी बोट पोरीकडे. ताईला हे सगळे ठाऊक होते, म्हणूनच तिने तोरिंजन नेमके दीक्षापुढे धरले. पोरीने हात पाठीमागे नेले. म्हणाली, "आमच्या घरात तो आधीच आसा, बाई."

मला वाटले, आता ताई अंधश्रद्धेवर बोलणार. मी मान डोलवायची तयारीही केली. तिने मात्र तोरिंजन स्वतःच्या काखेत मारले, पोरीचा हात धरला आणि चालू लागली. फाटकाबाहेर, विहिरीपलीकडे, पार शेताच्या बांधापर्यंत. मी शाळेच्या अंगणात खुर्चीवर बसून ठिपक्यांएवढ्या दोघींकडे बघत राहिलो. तिथे काय झाले ते ताईने मागाहून सांगितले. शनीची जागा ही, असे सांगून तिने विचारले होते, इथून मामा दिसतो का? दिसतो, इवलोसो, असे पोर म्हणाली. मग मामाला तू केवढी दिसत असशील? पोरीने इवल्याशा माझ्याकडे एकदा पाहिले आणि आपण होऊन तोरिंजन मागून घेतले.

पुढचा पराक्रम माझा. फळे हातात घेऊन ग्रह झालेली पोरे माझ्याभोवती फिरू लागली. सूर्याला सोडायचे नाही, अशी पोरांना ताईची सक्त ताकीद होती. अर्ध्या तासाने सूर्याला चहाची तलफ आली. ताई पाठमोरी आहे असे बघून मी हळूच उठलो आणि शेजारच्या पसऱ्यावर, म्हणजे वाण्याच्या दुकानात गेलो. चहा हातात घेऊन वळतो तर सगळी ग्रहमाला माझ्याभोवती गरगरतेय, चिबूडवाला धापा टाकतोय, आणि बाहेरच्या बाकावर दीक्षाची आजी बसलेली.

म्हातारीने नातीच्या हातातले कडी घातलेले फळ पाहिले. "ह्यां काय?"

"शनी," दीक्षा म्हणाली. ताई धावत आली होती, पण दुकानाच्या अलीकडेच थांबली आणि मलाही तिने डोळ्यांनीच दटावले. दीक्षा आजीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आजये, ह्यो खूप लांब रवता. तेका आमचो ट्रक दिसत पण नाय."

म्हातारी फळाकडे बघत होती. मग नातीकडे. मग पदराने तिच्या कपाळावरचा घाम टिपत म्हणाली, "इतक्या लांबसून इलो मां? मगे तेका पाणी तरी दी."

परतताना ताई माझ्यावर रागावली नाही. एवढेच म्हणाली, की इतक्या वर्षांत तुझा गाढवपणा पहिल्यांदाच योग्य ठिकाणी जाऊन पोचला.

ताई गेली ती चवथीच्या तोंडावर. सुटीनंतर शाळेच्या नव्या बाईंचा फोन आला, मामा, याल ना? गेलो. ग्रह लावायला दीक्षा आली होती. ती आता हायस्कूलात आहे. तोरिंजन घेतलेल्या चिमुरडीला ती फाटकाबाहेर नेत होती, आणि पोर थांबली की म्हणत होती, "हंय नाय गो, अजून लांब." तिला बांधावर उभी करून ती परत आली, माझ्यासमोर उभी राहिली.

"मामा, आज उठाचा नाय हां."

डोळे भरून आले होते. एरवी मी चहाचे निमित्त केले असते... बसून राहिलो. पोरे फिरू लागली.